पेटीच्या मापाचं शिंगरू

ॲल्बी पेग्रमचं वजन एकशे बारा रत्तल होतं. आमच्या टेवलिंग गावात कोळशाचं पोतंही एकशे बारा रत्तलांचंच येतं, आणि कोळसेवाला माप मारतो हा गावातल्या बायकांचा जुना संशय. म्हणून हिवाळा तोंडावर आला की चर्चमागच्या काट्यावर एका पारड्यात पोतं आणि दुसऱ्यात ॲल्बी, असा कार्यक्रम व्हायचा. ॲल्बी खिशातली किल्ली आणि चाकू काढून ठेवायचा. टोपी मात्र डोक्यावर राहू द्यायचा, कारण टोपीसकट तो बरोबर एकशे बारा भरायचा. पोतं वर गेलं की कोळसेवाला म्हणायचा, "ह्यो न्याहारी करून आलाय. त्येला मी काय करू?"

माणसाचा असा उपयोग करावा का, हा प्रश्न गावाला कधी पडला नाही. ॲल्बीलाही नाही.

वीटभट्टीवाल्या पेग्रमचं हे सहावं पोर. तेराव्या वर्षी बापानं त्याला शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात धाडला. पोरगं वाढत नाही तर निदान जॉकी तरी होईल, असा हिशेब. दोन वर्षांनी तबेल्यानं परत पाठवला. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'बसतो उत्तम, पण घोड्याला चाबूक लावत नाही. घोड्याला विचारून पळवतो.' त्यानंतर जिथं माणूस मावत नाही तिथं ॲल्बी, हाच त्याचा धंदा झाला. डेअरीच्या बॉयलरमध्ये शिरून पोपडे खरवडायचे, चर्चच्या ऑर्गनच्या पोटात बसून नळ्या पुसायच्या, दारूभट्टीच्या चिमणीत अडकलेला कावळा काढायचा. लग्न केलं नाही. विधवा बहीण क्लॅरी आणि तिचा मुलगा सिरिल ह्यांच्या घरात माडीवर राहायचा. सिरिलनं त्याच घरातलं, त्याच पातेल्यातलं खाल्लं आणि तो वाढतच गेला. सतराव्या वर्षी दारातून वाकून आत यायचा. क्लॅरी म्हणायची, "ॲल्बीच्या वाटणीचं अंग बी ह्येलाच मिळालं."

मग लढाई आली. जर्मन विमानातून छत्री लावून उतरले तर त्यांना वाट सापडू नये म्हणून सरकारनं रस्त्यावरच्या गावांच्या पाट्या उपटून नेल्या. जर्मन काही आले नाहीत, पण दुधाची गाडी दोनदा चुकून दुसऱ्या तालुक्यात गेली. टेकडीवरचं मोठं हॉटेल सरकारनं ताब्यात घेतलं आणि तिथं ट्वीडचे कोट घातलेले साहेब लोक राहायला आले. त्यांचं काम गुप्त होतं. किती गुप्त, तर तिथल्या खाणावळीतल्या बटलरला सगळं ठाऊक होतं, पण बटलर बोलत नव्हता.

हॉटेलमागच्या शेडमध्ये आम्हा गावातल्या चौदा बायांना कामाला घेतलं. ॲल्बीलाही घेतलं. सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या की इथलं काही कुणाला, घरच्यांनासुद्धा, कधीही सांगणार नाही. आणि मग शेडचे मुख्य मेजर हॉलिंगबेरींनी आम्हाला ती वस्तू दाखवली.

घडीची मोटारसायकल. गुडघ्याएवढी. चाकं बाळाच्या गाडीच्या चाकाहून थोडी मोठी. हँडल दुमडायचं, बैठक खाली दाबायची, पावलं टेकवायचे दांडे आत ढकलायचे, की सगळी वस्तू एका लोखंडी नळकांड्यात जायची. ते नळकांडं विमानातून छत्री लावून टाकायचं, बाजूलाच छत्रीसैनिक उतरणार, तो नळकांडं उघडणार, गाडी काढणार आणि शत्रूच्या नाकावर टिच्चून निघून जाणार. दिवा नाही, स्प्रिंग नाही, ब्रेक फक्त मागच्या चाकाला. पेट्रोलची टाकी इंजिनाहून खाली, म्हणून निघण्याआधी हातपंपानं हवा भरायची. किक नाही, ढकलत पळायचं आणि उडी मारून बसायचं. आम्ही बाया तिला शिंगरू म्हणायचो. मेजरसाहेबांना ते आवडायचं नाही, पण स्वतः तिच्या टाकीवरून हात फिरवायचे ते शिंगराच्या मानेवरून फिरवावा तसाच.

गंमत अशी की नळकांडं आधी ठरलं होतं. त्याची लांबी-रुंदी लंडनच्या कुठल्याशा खात्यानं मंजूर केली होती आणि ती बदलायला तीन खात्यांची सही लागत होती. तेव्हा नळकांड्याच्या मापानं गाडी केली. शिंप्यानं नवरदेवाला न बघता ट्रंकेच्या मापाचा कोट शिवावा तसं. कोट ट्रंकेत अगदी बिनसुरकुतीचा बसतो, ह्यावर सगळे खूश.

आणि नवरदेवाला बघणं शक्यही नव्हतं. वस्तू गुप्त असल्यानं तिच्यावर बसायला परवाना लागायचा. मेजरांनी लंडनला लिहिलं, दहा आठवड्यांनी परवाना आला, आणि त्या कागदावर एकाच नावाची जागा होती. शेडमध्ये त्या क्षणी मोकळा ॲल्बी होता. झालं. ॲल्बी पेग्रम, अधिकृत चालक. छत्रीसैनिकांना ती गाडी बघायचीसुद्धा परवानगी नव्हती.

ॲल्बी बसला की शिंगरू काय पळायचं म्हणता. तबेल्यातलं त्याचं अंग, गुडघे आत, मान खाली. नळकांडं उघडल्यापासून गाडी चालू होईपर्यंत अकरा सेकंद. मेजर घड्याळ बंद करून म्हणायचे, "उत्कृष्ट, पेग्रम." आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या लहानपणाला कुणी उत्कृष्ट म्हणत होतं. संध्याकाळी 'नांगर' दारूगुत्त्यात तो अर्धा ग्लास बिअर घेऊन बसायचा आणि कुणी विचारलं की, "काय रं ॲल्बी, वर काय करतुयास?" तर म्हणायचा, "बसून असतो."

त्रेचाळीसच्या वसंतात सिरिल रजेवर आला. डोक्यावर तांबडी टोपी. छत्रीसैनिक झाला होता. क्लॅरीनं आठवड्याचं सगळं लोणी एका पावाला लावलं. सिरिल खात खात म्हणाला, "आये, आता पायपीट न्हाई. आमच्या ब्रिगेडीला घडीची फटफटी मिळायची हाय म्हणं. नळकांड्यातनं निघती."

ॲल्बीनं कप खाली ठेवला. "कोण म्हणलं?"

"सगळी म्हणत्यात. गुप्त हाय, पर सगळ्यांस्नी ठावं हाय. बघितली कुनीच न्हाई."

"तुझं वजन किती रं, सिरिल?"

"एकशे पंच्याऐंशी. आन वर सामान. बंदूक, गोळ्या, फावडं, डबा. सत्तर धर. का?"

"काई न्हाई," ॲल्बी म्हणाला. "क्लॅरे, चहा गार झाला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. मी हँडलं बसवायची, आणि शेडमध्ये माझं मनगट सगळ्यात जोरकस. म्हणाला, "दोरी बांधाया येशील का?" स्वैपाकघरामागून बटाट्याचं एक पोतं त्यानं आणलं होतं. एकशे बारा रत्तल. त्यातलं अर्धं दुसऱ्या पोत्यात ओतलं. एक मी त्याच्या पाठीला बांधलं, लेकरू बांधतात तसं, आणि दुसरं हँडलाच्या आणि बैठकीच्या मधे टाकीवर. वर तो स्वतः. दोनशे चोवीस. सामानासकट सिरिलहून एकतीस कमीच.

सपाट रस्त्यावर शिंगरू चाललं, पण म्हाताऱ्या गाढवासारखं, खोकत. मग पायपर टेकडीचा चढ लागला. एक तृतीयांश चढल्यावर इंजिन एकदा रडलं आणि थांबलं. थांबलं ते थांबलं, उतारावर गाडी मागं यायला लागली, आणि एकट्या मागच्या ब्रेकला ते वजन काही आवरेना. ॲल्बी बटाट्यांसकट आडवा झाला. आम्ही तीनदा केलं. तीनदा तिथंच. चौथ्यांदा त्यानं गाडी बाजूला टाकली, एक पोतं पाठीवर तसंच ठेवून पायी चढला, आणि मी घड्याळ बघितलं. पायी लवकर पोचला.

वर बसून तो धापा टाकत म्हणाला, "चढावर थांबला म्हंजी मेला की गं त्यो. एवढं मोठं अंग, आन बसलेलं गुडघ्याएवढ्या गाडीवर. आंधळा बी मारंल."

मग तो मेजरांकडे गेला. मी साक्षीला गेले.

मेजर हॉलिंगबेरी उंच, हाडकुळे, सभ्य गृहस्थ. कधी कुणावर आवाज चढवला नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बटाटे? कार्यक्रमपत्रिकेत बटाटे होते का, पेग्रम?"

"न्हाई साहेब. पर वजन..."

"हे बघ. ब्रिटिश शिपाई म्हणजे बटाट्याचं पोतं नव्हे. पोत्याला मनोधैर्य नसतं."

"खरं हाय साहेब. मग एक शिपाईच बसवून बघा की."

"परवाना कुठाय? दहा आठवडे लागतील, आणि पाहणी तर येत्या गुरुवारी आहे." मेजरांनी कागद सरळ केले. "स्वयंपाकघरातून ते बटाटे रीतसर मागून घेतले होतेस का?"

बटाट्यांची चौकशी दोन दिवस चालली. वजनाची झाली नाही.

गुरुवारच्या पाहणीला ब्रिगेडियर ट्रेमलेट येणार होते. सिरिलच्याच ब्रिगेडीचे. त्यांनी मान हलवली की गाड्या त्यांच्या माणसांना जाणार, हे शेडमध्ये झाडूवालीलाही माहीत होतं. ॲल्बीनं काय करायचं होतं? काही विशेष नाही. नेहमीसारखं अकरा सेकंदांत गाडी काढायची, पायपर टेकडी भर्रकन चढायची, टाळ्या घ्यायच्या. त्याचं नाव अहवालात जाणार होतं. मेजर म्हणाले होते, "पेग्रम, कदाचित पदकाचा विचार होईल." क्लॅरीला हे कळलं असतं तर तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलं असतं. पण सही केली होती ना. ती रोज विचारायची, "त्वांड का पाडून बसतुयास?" आणि तो म्हणायचा, "दाढ दुखती."

गुरुवारी ऊन पडलं. हिरवळीवर तंबू, तंबूत चहा आणि माशाच्या चटणीचे पाव. ब्रिगेडियर ट्रेमलेट खाली उतरले तेव्हा मोटार दोन बोटं वर आली. रुंद छाती, रुंद मिशी, रुंद सगळंच. आम्ही बाया स्वच्छ एप्रन लावून रांगेत. मेजरांनी अर्धा तास भाषण केलं. त्यातली पंचवीस मिनिटं नळकांड्यावर.

मग ॲल्बी. टोपण उघडलं, गाडी ओढली, हँडल उभं केलं, पंप मारला. अकरा सेकंद. टाळ्या झाल्या. आता त्यानं ढकलून उडी मारायची. तो मारेना. हँडल धरून तसाच उभा राहिला आणि टोपी काढून ब्रिगेडियरसाहेबांसमोर गेला.

"साहेब, आमच्या गावात एक रीत हाय. जत्रंत नारळ पाडायचा पयला चेंडू पाहुण्यानं टाकायचा. पाहुण्यानं हात लावल्याबिगर आम्ही सुरुवात करीत न्हाई."

आता खांबावरचे नारळ चेंडूनं पाडायचा खेळ आणि ही रीत प्रत्येक इंग्रज गावात आहे. ब्रिगेडियरसाहेबांनी स्वतः मागल्या उन्हाळ्यात चार जत्रांत पहिला चेंडू टाकला असेल. त्याला नाही म्हणणारा माणूस आमच्याकडं कुत्र्याला लाथ मारणाऱ्याच्या पंगतीत बसतो. त्यांनी आमच्या रांगेकडं बघितलं. आम्ही जत्रेत हसतो तसं हसलो. मला आत काय चाललंय ते ठाऊक होतं, म्हणून मी सगळ्यांत जास्त हसले.

तरी त्यांनी गाडीकडं बघून मिशी चावली. कदाचित टाळलंही असतं. पण मेजर हॉलिंगबेरी पुढं झाले. "क्षमा असावी सर. आपल्याला परवानगी नाही."

"कशाची?"

"बसण्याची. अधिकृत चालक फक्त पेग्रम आहे."

"म्हणजे," ब्रिगेडियर हळू आवाजात म्हणाले, "माझ्या ब्रिगेडीच्या गाडीवर हा गृहस्थ बसू शकतो, आणि मी नाही."

"नियमाप्रमाणे नाही, सर. अर्ज केल्यास दहा आठवडे..."

"माझी छडी धरा, हॉलिंगबेरी."

ॲल्बीनं त्यांना नीट सगळं सांगितलं, घोडा देताना सांगावं तसं. फसवलं काही नाही. ब्रिगेडियर ढकलत पळाले, उडी मारली, आणि बसले. गुडघे कानाला लागले. शिंगराचं मागलं चाक दिसेनासं झालं. सपाटीवर गाडी गुरगुरत गेली आणि मग पायपर टेकडीला लागली.

एक तृतीयांश.

तिथं ती रडली. साहेबांनी दोन्ही पाय जमिनीला लावून ढकलायला सुरुवात केली, बसल्या बसल्या, बदक चिखलात चालतं तसं. त्याच वेळी खालून क्लॅरी आली. सरपणानं भरलेली जुनी बाबागाडी ढकलत, रोजच्या वाटेनं. टेकडीचा रस्ता पाहणीसाठी बंद आहे ही पाटी लावली होती म्हणे. पण सगळ्या पाट्या उपटायच्या हुकमात तीही उपटली गेली होती. क्लॅरीनं साहेबांना गाठलं, मागं टाकलं, आणि जाता जाता म्हणाली, "छान ऊन पडलंया, न्हाई का साहेब?"

"अगदी खरं, बाई," ब्रिगेडियर म्हणाले.

खाली कुणी हसलं नाही. अशा वेळी हसायची आमच्याकडं पद्धत नाही, आम्ही ढग बघतो. त्या दिवशी आभाळात एक ढग नव्हता, तरी चाळीस माणसं मान वर करून उभी होती.

साहेब गाडी हातानं ढकलत परत आले. तोंड टोमॅटोसारखं. छडी घेतली. मेजरांना म्हणाले, "बोधप्रद." मग ॲल्बीला चार पावलं बाजूला नेलं. मी नळकांड्याचं टोपण उचलायच्या मिषानं जवळच होते.

"तू हे मुद्दाम केलंस."

"व्हय साहेब."

"का?"

"बहिणीचा पोरगा तुमच्या ब्रिगेडीत हाय. आताच तुमच्याम्होरं बाबागाडी घिऊन गेली ती त्येची आई. पोरगं सामानासकट दोनशे पंचावन्न रत्तल. म्या बटाटं लावून बघितलं, तर कुनी बटाट्यांचं ऐकंना."

ब्रिगेडियरांनी छडी काखेत मारली. "तुझी नोकरी जाईल, माहीत आहे?"

"व्हय साहेब."

"हं," म्हणाले, आणि चहाला गेले. त्या 'हं'चा अर्थ आम्ही आठवडाभर लावत होतो.

लंडनहून अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की गाडी समाधानकारक असून पायपर टेकडीचा चढ प्रमाणापेक्षा जास्त आढळला. यापुढच्या चाचण्या सपाट जागी घ्याव्यात. गाड्यांची मागणी कायम. सगळ्या ब्रिगेडींना. अनधिकृत व्यक्तीस गाडी दिल्याबद्दल ॲल्बीचा परवाना रद्द झाला आणि त्याला हॉटेलची दारं रंगवायला लावलं. दहा आठवड्यांनी नवा अधिकृत चालक आला, खराखुरा जॉकी, ॲल्बीहून चौदा रत्तलांनी हलका. वेळ साडेनऊ सेकंदांवर आली. मेजर म्हणाले, गाडीत फार सुधारणा झाली आहे.

ॲल्बीनं पावणेदोन वर्षं दारं रंगवली. गाड्या गेल्या, सिरिल गेला, सिरिलची पत्रं आली त्यांत सेन्सॉरनं अर्ध्या ओळी काळ्या केलेल्या. ॲल्बी ते कागद उजेडाला धरून बघायचा. क्लॅरी चिडायची. "चांगलं काम हुतं, साहेब खूश हुता, आन तू काय केलंस तर रंगारी झालास. काय झालं ते तरी सांग."

"दाढ," ॲल्बी म्हणायचा.

"अजून तीच दाढ?"

सिरिल पंचेचाळीसच्या मार्चमध्ये परत आला. डाव्या हाताला पट्टा, बाकी अंग जागेवर. रविवारी दुपारी मी क्लॅरीकडं जेवायला होते. तिनं सशाचं मटण मैद्याच्या पारीत घालून भाजलं होतं. सिरिलनं दोनदा वाढून घेतलं आणि मग बोलायला लागला.

"ती घडीची फटफटी मिळाली बरं का मामा. फ्रान्सात उतरलो, नळकांडी बी उतरली. ज्येनं ती गाडी काढली असंल त्यो कुठल्या येड्याच्या इस्पितळात हाय ते एकदा बघाय पायजे."

ॲल्बी काटा पुसत होता. "बसलास?"

"कुठलं? आमच्या ब्रिगेडियरनं हुकूम काढला हुता. गाडीवर पयला बसंल त्येचं कोर्ट मार्शल. गाडी न्यायची, पर ढकलत, वर गोळ्यांच्या पेट्या लावून, बाया सरपान नेत्यात तशी. पोरं लई हसली. म्हणली, म्हाताऱ्याला याड लागलं." सिरिल थांबला. "शेजारच्या ब्रिगेडीला हुकूम नव्हता. एक टेकडी हुती. त्यांचं सहा जण बसून निघालं. आम्ही खालनं, झुडपातनं, पायी. अर्ध्या चढावर..." त्यानं ताटातला एक तुकडा इकडून तिकडं केला. "सहाच्या सहा बसल्या जागी ऱ्हायली. आमच्यातला एक बी न्हाई गेला त्या टेकडीवर."

ॲल्बीचे ओठ हलले, आकडा मोजल्यासारखे. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं एकच ब्रिगेडियर टेकडीवर चढवला होता. दुसरा त्याला भेटलाच नव्हता.

"मामा, तू हुतास न्हवं वर हाटेलात? असलं काई बघितलंस का कधी?"

"म्या दारं रंगवली," ॲल्बी म्हणाला.

"रंगारीच त्यो," क्लॅरी म्हणाली, आणि भावाच्या ताटात पारीचा उरलेला कडेचा भाग वाढला.

सिरिल उठला. झोपतो जरा, म्हणाला. अरुंद जिन्यावरून वाकून वर निघाला आणि प्रत्येक पायरी त्याच्या वजनाखाली करकरली.

"मोडंल एखाद्या दिशी जिना," क्लॅरी म्हणाली.

"मोडू दे," ॲल्बी म्हणाला, आणि शेवटची पायरी वाजेपर्यंत तोंडातला घास तसाच धरून ऐकत राहिला.